वीस की पंधरा

शुक्रवारी सकाळी उल्का स्वयंपाकघरात आली, तेव्हा ओट्यावर पंचा अंथरून सासूबाईंनी देवाची भांडी पालथी घातली होती. ताम्हण, पळी, पंचपात्र, छोटा गडू. चिंच आणि मीठ लावून घासलेली, डोळे दिपतील इतकी लखलखीत. आणि पळीच्या शेजारी, जणू त्या घराण्यातलंच एक, गुलाबी गुलाबी नाणं.

उल्काने आधी चहाचं आधण ठेवलं. मग साखर घातली. मग पुन्हा पाहिलं. नाणं तिथेच होतं.

"उठलीस का?" सासूबाई देवघरातून म्हणाल्या. "अगं, किती मळ चढला होता त्या नाण्याला! बोटं दुखून आली. म्हटलं, तुझ्या बाबांच्या फोटोपुढे असलं काळं ढुस्स नाणं कुठे ठेवायचं? आता बघ कसं दिसतंय."

"छान दिसतंय," उल्का म्हणाली. चहा उतू गेला.

ते नाणं अमेरिकेचं होतं. सतराशे चौऱ्याण्णव साली पाडलेला तांब्याचा सेंट, आपल्या जुन्या रुपयाएवढा मोठा. एका बाजूला मोकळ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला पानांची माळ. उल्काचे वडील अनंतराव बोटीवर इंजिनियर होते. इतर लोक बोटीवरून अत्तरं आणि कॅमेरे आणायचे, तेव्हा अनंतरावांनी बाल्टिमोरच्या बंदरातून असला एक झिजलेला, काळा सेंट आणला होता. त्यांच्या बायकोला वाटलं, कुणीतरी यांना सुट्टे देताना फसवलं. पुढच्या पस्तीस वर्षांत अशी एक्केचाळीस नाणी जमली. बायको गेल्यावर अनंतराव ती एका चपलांच्या खोक्यात घालून दोह्याला, फरीज बिन ओमरानमधल्या मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

या नाण्यांना एक ते सत्तर अशी ग्रेड देतात. सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ता पडलेलं. एक म्हणजे हे नाणं असावं असा नुसता संशय. अनंतरावांचा हात फार आखडता. त्यांनी आयुष्यात कुठल्याही नाण्याला तिसाच्या वर चढू दिलं नाही. उल्काच्या दहावीच्या निकालाबद्दलही त्यांचं साधारण तेच धोरण होतं.

आणि त्यांचा एक नियम होता, तो घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. तांबं धुवायचं नाही. दोनशे वर्षांत तांब्यावर जो तपकिरी रंग चढतो ती त्याची कातडी असते, एकदा सोलली की पुन्हा येत नाही. मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स. शारजातल्या एका गृहस्थाने हौसेने एक सेंट लिंबाने धुतला होता. अनंतरावांनी त्याचा नंबर फोनमधून पुसून टाकला. पुढे तो गृहस्थ वारला, तर म्हणाले, "तो माझ्या लेखी आधीच गेला होता."

घरातल्या प्रत्येकाला पाठ होता, पण सासूबाई नाशिकहून आल्या त्या अनंतराव आजारी पडल्यावर. तेव्हा नियम सांगायची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती.

चूक सासूबाईंची नव्हतीच. आदल्या संध्याकाळी उल्काने तो सेंट खोक्यातून काढून बाबांच्या फोटोपुढे ठेवला होता. का ठेवला, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. फोटो देवघराच्या फळीवर होता. आणि देवघराच्या फळीवर जे जे तांब्याचं असेल ते शुक्रवारी सकाळी घासायचं, हा सासूबाईंचा पंचेचाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

आणि त्याच दुपारी फजलकाका यायचे होते.

फजलकाका मूळ रत्नागिरीचे. हमद पोर्टवर एका शिपिंग एजंटाकडे कारकून. जुन्या अमेरिकन तांब्याचा नाद असलेली कतारमध्ये दोनच माणसं होती, एक अनंतराव आणि दुसरे हे. दर शुक्रवारी नमाजानंतर ते यायचे, दोघं भिंग घेऊन बसायचे आणि एखाद्या देशाची फाळणी करायला बसल्यासारखे भांडायचे. सगळ्यांत जास्त भांडण या सतराशे चौऱ्याण्णवचं. अनंतराव म्हणत, ग्रेड वीस. फजलकाका म्हणत, पंधरा. त्या बाईच्या कानामागच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात की नाही, एवढ्यावर सगळं अडलं होतं. सहा वर्षं अडलं होतं. शेवटी एका शुक्रवारी अनंतराव म्हणाले, "फजल, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन केस मोजत जाऊ नकोस." फजलकाकांनी अर्धा चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि गेले.

ते परत आले नाहीत. अनंतराव आजारी पडले, तेव्हा नाही. सहा आठवडे इस्पितळात होते, तेव्हा नाही. इस्पितळात बेल नसते, पण दार उघडलं की अनंतराव मान वळवायचे. ते गेल्यावर फजलकाकांचा फोन आला. चार मिनिटांचा. उल्काच्या फोनमध्ये ती नोंद अजून होती.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. "पोरी, माजं डोल्याचं ऑपरेशन झालं. आता मुंगीचे पाय पन मोजतो. तो चौऱ्याण्णवचा सेंट एकदा नव्या डोल्यानं बघू दे. वीस असला, तर तुज्या बाबाच्या फोटोसमोर उभा राहून बोलेन, वीस."

उल्काला माफी नको होती. सांत्वनही नको होतं. तिला फक्त तो आकडा त्या माणसाच्या तोंडून ऐकायचा होता. बाबा गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत तिने वाट पाहिलेली ही पहिलीच गोष्ट होती.

"नंदू," तिने नवऱ्याला हलवलं. "ऊठ. आईंनी चौऱ्याण्णवचा सेंट घासला."

नंदू उठून बसला. त्याने नाणं खिडकीपाशी नेलं. "बाप रे," तो म्हणाला. "आईला सांगितलंस?"

"काय सांगू? तीन महिने त्या माझ्या बाबांची उशी बदलत होत्या. मी लुसैलला मीटिंगमध्ये बसले होते, तेव्हा त्या पेज भरवत होत्या. त्यांना सांगू, की तुम्ही वाट लावलीत?"

"मग?"

"दुपारी फजलकाका यायच्या आत हे काळं करायचं."

नंदूचा चेहरा उजळला. तो गॅस कंपनीत पाइपांचा गंज थांबवण्याच्या खात्यात होता. "अगं, हे तर माझंच काम! जन्मभर गंज रोखला, एकदा आणून बघू. तांब्याला गंधक लागतं. गंधक कशात असतं? उकडलेल्या अंड्याच्या बलकात. डब्यात बलक, बलकाशेजारी नाणं, झाकण बंद. दोन तासांत दोनशे वर्षांचं दिसेल."

अंडी सासूबाईंच्या राज्यात वर्ज्य होती. त्या असेपर्यंत या घरात अंडं शिरलं नव्हतं. त्यामुळे नंदू खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, सहा अंडी बनियनखाली लपवून घेऊन आला आणि ती लेकीच्या, ईराच्या खोलीत, तिच्याच विजेच्या किटलीत उकडली गेली.

"यू आर बॉइलिंग एग्ज इन माय केटल?" ईरा पांघरुणातून म्हणाली. ती तेरा वर्षांची होती आणि मराठी तिला सगळं कळायचं, बोलायचं मात्र नव्हतं.

"आजोबांसाठी," नंदू म्हणाला.

"आजोबा हेटेड एग्ज."

"नाण्यासाठी गं."

"ही'ड हेट धिस मोअर," असं म्हणून ती कूस बदलून झोपली. त्या सकाळी त्या घरात बोललं गेलेलं तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य होतं, पण ते इंग्रजीत असल्याने कोणी मनावर घेतलं नाही.

दोन तासांनी झाकण उघडलं. नाणं काळं झालं नव्हतं. ते जांभळं झालं होतं, कडेला मोरपिशी. मोकळ्या केसांच्या बाईचा गाल बाजारातल्या वांग्यासारखा चकाकत होता.

"अजून थोडं ठेवू," नंदू म्हणाला.

"नको."

"मग बोटाने जरा पुसून एकसारखं करू." त्याने पुसलं. जिथे बोट फिरलं तिथून जांभळं निघालं आणि खालचं गुलाबी दिसायला लागलं. आता बाईच्या कपाळावर पट्टे आले.

तोवर डब्याचा वास ईराच्या खोलीतून दिवाणखान्यात, तिथून देवघरात गेला होता. सासूबाई पदर नाकाला लावून आल्या. "नंदू, कसला रे हा वास? सडक्यासारखा?"

आईसमोर अंड्याचं नाव काढण्यापेक्षा नंदूला मरण सोपं वाटलं असावं. "गॅस असेल," तो म्हणाला.

गॅस कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाने गॅस असेल म्हटल्यावर कुठली आई गप्प बसेल? सासूबाईंनी ताबडतोब इंटरकॉमवर इमारतीच्या रखवालदाराला, रहमानला, गाठलं. हिंदी त्यांची नाशिकच्या वळणाची होती, पण मुद्देसूद. "रहमान, चौथे माळे पे गॅस फुटा है. मेरा लडका इंजिनियर है, वो बोला."

रहमान कर्तव्यदक्ष माणूस. इंजिनियर बोलला म्हटल्यावर त्याने एका मजल्याचा नव्हे, अख्ख्या इमारतीचा गॅस बंद केला. मग लिफ्ट बंद केली. मग नियमाप्रमाणे दारोदार फिरून ओरडायला लागला, "कोई आग नहीं जलाना! खिडकी खोलो! यल्ला, यल्ला!"

शुक्रवारची दुपार. सहा मजल्यांवर बारा घरांत बिर्याण्या अर्ध्या शिजलेल्या. बायका डाव हातात घेऊन जिन्यात आल्या. समोरची रुकैया म्हणाली, "उल्का, तुमच्या घरी लीक आहे म्हणे? माझे सासरे जेवायला आलेत गं. कच्चा तांदूळ वाढू का त्यांना?"

"चेक करतोय," नंदू दारातून म्हणाला. त्याच्या हातात अंड्याचा डबा होता.

या गर्दीतून वाट काढत, पांढरा झब्बा, हातात बदामाच्या हलव्याचा पुडा, चार मजले जिना चढून धापा टाकत फजलकाका आले.

"काय गो, काय झालं? खाली तो रहमान मला आत सोडत नव्हता. बोललो, बाबा, मेलो तर मेलो, पन आज वर जायाचंच हाय."

उल्काने त्यांना बसवलं. बाबांच्या खुर्चीत नाही, समोरच्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ओठ हलवले. मग खिशातून भिंग काढलं. ऑपरेशन झालेला डोळा अजून लालसर होता.

"आन," ते म्हणाले.

नंदू उल्काकडे बघत होता. काहीही सांगता आलं असतं. नाणं हरवलं, बँकेत आहे, विकलं. पण उल्काच्या डोक्यात तो आकडा इतका बसला होता, की नाणं न दाखवणं तिला सुचलंच नाही. तिने ते कापडावर ठेवून पुढे केलं.

फजलकाका नाण्यावर वाकले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलंसुद्धा नाही. लावायची गरज नव्हती.

"हे..." ते म्हणाले. "हे कोनी केलं?"

खोलीत सासूबाई आल्या. हातात कोकम सरबताचे पेले असलेला ट्रे. "आलात का? या या. गॅसचा गोंधळ झालाय बघा."

"कोनी केलं हे?" फजलकाकांचा आवाज चढला. "दोनशे तीस वर्सं सांबालली ही चीज. किती हातांतून आली असंल, कोनी हात नाय लावला. आनि आता हे? ज्यानं केलं त्याला काय अक्कल? काय माणूस म्हनायचं का त्याला?"

सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. नाण्याकडे पाहिलं, फजलकाकांकडे पाहिलं. काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना कळलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ, प्रामाणिक बायका बोलतात तसं बोलायला तोंड उघडलं.

"बाबांनी," उल्का म्हणाली.

जिन्यात कुणीतरी रहमानला बिर्याणीचं काय म्हणून विचारत होतं.

"बाबांनी धुतलं," उल्का पुन्हा म्हणाली. इस्पितळात एकदाही न आलेल्या माणसाने तीन महिने उशी बदलणाऱ्या बाईला अक्कल विचारावी, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. दुसरं कुणाचं नाव त्या क्षणी तिच्या जवळ नव्हतं. "आजारात. शेवटी शेवटी."

"अनंतरावानं?" फजलकाका म्हणाले. "तांबं धुतलं?"

सासूबाईंनी उल्काकडे पाहिलं. उल्काने पाहिलं नाही.

फजलकाकांनी सावकाश नाणं उचललं, दिव्याखाली धरलं आणि भिंग लावलं. नवा डोळा बारीक झाला. ते बघत राहिले. सरबताच्या पेल्यांना बाहेरून घाम आला. मग त्यांनी बोटाने हवेत मोजलं, एक, दोन, तीन. कानामागे. पुन्हा मोजलं.

"सुट्या हायत," ते म्हणाले. "तिन्ही बटा. मलाखाली झाकल्या व्हत्या. वीस." ते उठले, फोटोपुढे गेले आणि कबूल केल्याप्रमाणे उभं राहून म्हणाले, "वीस, अनंतराव. तू बरोबर व्हतास. मी आंधला."

उल्काने डोळे मिटले. झालं. हेच हवं होतं. ते ऐकून काय वाटेल याची तिने आठवडाभर कल्पना केली होती. त्यातलं काहीच वाटलं नाही.

फजलकाका मात्र थांबले नव्हते. "मला दाखवायला धुतलं त्यानं," ते फोटोला म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "मी मान्य करीत नव्हतो ना. म्हनून जाताना आपला धरम सोडला. बटा दिसाव्यात म्हनून कातडी सोलली. अरे, एवढी जिद्द? आता वीस तर झाला, पन धुतलेला वीस. धुतलेल्याला पाच पन कोन देनार नाय. हे त्याला माहीत व्हतं, तरी केलं."

"फजलभाई, सरबत घ्या," सासूबाई हळूच म्हणाल्या. दुसरं काय बोलणार?

ते प्यायले. दोन पेले. मग त्यांनी फोन काढला. आखातात आणि कोकणात मिळून तांब्याच्या वेड्यांचा एक ग्रुप होता, चौदा माणसांचा. अनंतरावांचं नाव त्यात अजून होतं. फजलकाकांनी एका बोटाने, मोठ्याने वाचत, टाइप केलं. "चौऱ्याण्णवचा सेंट वीस आहे. अनंतराव बरोबर होते. शेवटच्या आजारात त्यांनी तो स्वतः धुतला. कोणी त्यांना दोष देऊ नये." आणि पाठवलं.

मिनिटभरात मस्कतहून उत्तर आलं: "विश्वास बसत नाही." दापोलीहून: "अल्लाह माफ करे." शारजाहून, लिंबूवाल्या गृहस्थाच्या मुलाकडून, नुसता एक अंगठा.

तो अंगठा उल्काने पाहिला. बाबांनी आयुष्यात खोटं नाणं जवळ ठेवलं नव्हतं, खोटी ग्रेड दिली नव्हती, कुणाला पाव ग्रेडची सूट दिली नव्हती. एका दुपारीत तिने त्यांना शारजाच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

फजलकाका निघाले. उल्का म्हणाली, "मी खाली सोडते तुम्हाला." जिन्यात त्यांना एकटं गाठून खरं सांगायचं होतं. सासूबाईंच्या कानावर जाणार नाही, बाबांचं नाव राहील.

चौथ्या मजल्यावर तिने "फजलकाका" एवढंच म्हटलं, तेवढ्यात रुकैया म्हणाली, "गॅस कधी येणार?" तिसऱ्यावर तिने पुन्हा सुरुवात केली, तर एक मल्याळी गृहस्थ डाव घेऊन आडवे आले. दुसऱ्यावर रहमानने दोघांना थांबवून विचारलं, "मॅडम, आपके घर में अभी भी स्मेल है?" पहिल्या मजल्यावर फजलकाकाच बोलायला लागले.

"तीन महिने मला झोप नाय, पोरी. इस्पितलात आलो नाय ना मी. गाडी घेऊन दोनदा पार्किंगपर्यंत गेलो, परत फिरलो. बायको, ताहेरुन्निसा, रोज बोलायची, काय माणूस हायस तू? आज मोकला झालो. मी आलो नाय, ही माजी चूक. त्यानं तांबं धुतलं, ही त्याची. दोघांनी एकेक केली. फिट्टंफाट. आता वर भेटलो की दोघं समान."

ते उन्हात गाडीपाशी आले. त्यांचा चेहरा खरोखरच दहा वर्षांनी तरुण दिसत होता. उल्काने तो चेहरा पाहिला. समान. इस्पितळाच्या दाराकडे वळणारी मान तिला आठवली.

"बाबांनी नाही धुतलं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. सासूबाईंनी धुतलं. आज सकाळी, चिंचेने, देवाच्या भांड्यांबरोबर. बाबांनी आयुष्यात तांब्याला पाणी लावलं नाही. तुमचं फिट्टंफाट झालेलं नाही, काका."

फजलकाका तिच्याकडे बघत राहिले. नव्या डोळ्यानेही आणि जुन्यानेही. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मुलगी हायस तू," ते हळूच म्हणाले. "असंच बोलनार. माजी अदीबा पन माज्यासाठी असंच बोलंल. बापाची चूक कुठली मुलगी कबूल करते?"

"काका, खरंच सांगते. वर चला, त्यांनाच विचारा."

"आता मी त्या बाईला जाऊन विचारू?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा राग आला. "केवढी साधी बाई ती, माज्यासाठी सरबत घेऊन उभी व्हती. आनि बापाची अब्रू झाकायला तू तिच्या माथी मारतेस? हे बरं नाय, उल्का. अनंतरावाला हे आवडलं नसतं."

उल्काने गाडीच्या दारावर हात ठेवला.

"मी कोनाला बोलनार नाय हे," फजलकाका म्हणाले. "जा, वर जा, ऊन हाय." त्यांनी गाडीत बसून एसी लावला, काच खाली करून मायेने हात हलवला आणि निघाले. असरच्या नमाजाला त्यांना उशीर होऊन चालणार नव्हता.